कॅप निघून हातात आली, तर आधी आतून बघा

मागच्या हिवाळ्यात आमच्या अम्मींच्या दाढेवर झिरकोनियाची कॅप बसवली. आठ महिने झाले नाहीत तोच, जेवता जेवता ती अलगद हातात आली. फुटली नव्हती, तडाही नव्हता. आतून स्वच्छ पांढरी, आणि सिमेंट सगळं दाढेलाच चिकटलेलं. दवाखान्यात विचारलं तर उत्तर मिळालं, "काहीतरी कडक चावलं असेल." पैसे गेले ते गेले, वर दोष अम्मींचाच! म्हणून हा विषय जरा नीट समजून घेतला. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता कॅपा आहेत, तेव्हा तुमच्याही कामाला येईल.

जुनं झिंक फॉस्फेट सिमेंट खरं तर चिकटतच नाही. ते फक्त दात आणि कॅपमधली फट भरतं. कॅप टिकते ती घासलेल्या दाताच्या आकारामुळे, घट्ट झाकणाचा डबा टिकतो तशी. १९७२ साली इंग्लंडमधल्या विल्सन आणि केंट यांनी ग्लास आयोनोमर जगापुढे आणलं, ते दातातल्या कॅल्शियमला धरतं. दाताच्या भिंती उंच असतील तर झिरकोनियाच्या कॅपला एवढं पुरतं. पण दाढ घासून बुटकी उरली असेल तर आकाराचा आधार कमी पडतो आणि सगळा भार चिकटण्यावर येतो. तिथे रेझिन सिमेंट लागतं.

आता खरी गोम. रेझिन नुसतं लावून सिरॅमिकला धरत नाही, कॅपची आतली बाजू आधी तयार करावी लागते. आणि ही तयारी प्रत्येक सिरॅमिकला वेगळी. लिथियम डायसिलिकेटमध्ये काच असते. हायड्रोफ्लोरिक ॲसिड ती काच थोडी खातं, बारीक खड्डे पडतात, मग सायलेन लावतात. सायलेनचं एक टोक काचेला धरतं, दुसरं रेझिनला. झिरकोनियात काचच नाही, त्यामुळे हे ॲसिड तिथे फुकट जातं. त्यावर ॲल्युमिनाची बारीक पूड हवेच्या दाबाने मारून पृष्ठभाग खरबरीत करतात आणि एमडीपी नावाचं रसायन असलेलं प्रायमर लावतात.

एवढं करूनही एक शत्रू उरतो, पाणी. तोंड कायम ओलं. रेझिन हळूहळू पाणी शोषतं, पाणी सायलेनची पकड तोडत जातं. वर बर्फाचं सरबत आणि मागोमाग गरम चहा, म्हणजे सिरॅमिक आणि सिमेंट वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आकसतात. म्हणून प्रयोगशाळेत जोड तपासताना नमुने ३७ अंशांच्या पाण्यात महिनोन्‌महिने ठेवतात, ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात हजारो वेळा आलटून पालटून बुडवतात. पहिल्या दिवशी जोड मजबूत दिसतोच. खरबरीत न करता नुसतं प्रायमर लावलेला झिरकोनियाचा जोड या पाण्यात फार लवकर ढिला पडतो.

थुंकीचंही बघा. कॅप चिकटवण्याआधी तोंडात बसवून पाहतात, तेव्हा लाळ लागते. लाळेतले फॉस्फेट झिरकोनियावर नेमकी तीच जागा अडवून बसतात जी एमडीपीला हवी असते. काही जण मग फॉस्फोरिक ॲसिडने पुसतात, पण त्यातही फॉस्फेटच! इथे वेगळी सफाईची पेस्ट लागते, नाहीतर परत पूड मारावी लागते.

दुसऱ्या डॉक्टरांनी अम्मींची कॅप भिंगाखाली पाहिली. आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत, पूड मारलेलीच नव्हती. दाढही बुटकी होती. म्हणजे कडक चावण्याचा मामला नव्हताच.

तर कॅप निघाली की आधी आतून बघा. सिमेंट दातावर राहून कॅप स्वच्छ असेल तर सिरॅमिकच्या बाजूची पकड सुटली. सिमेंट कॅपमध्ये असेल तर पकड दाताच्या बाजूने सुटली, मग खाली कीड लागली आहे का, हे तपासून घ्या. फेविक्विकने घरीच चिकटवू नका, आतली बाजू खरवडू नका. छोट्या डबीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि सरळ विचारा: मटेरियल कोणतं, सिमेंट कोणतं, आतून पूड मारणार का? कॅप शाबूत असेल आणि दातही ठीक असेल, तर बहुतेक वेळा तीच परत बसते. अम्मींची तीच बसवली.