शस्त्र आणि शास्त्र, लेखांक ७ : पोराच्या हातातली पहिली रायफल

विदर्भातल्या जुन्या मालगुजारी घरांत ‘बारा बोर’ हे दोन शब्द अजून सहज ऐकू येतात. दिवाणखान्यात धूळ खाणारी सांबराची शिंगं, त्याखाली पणजोबांचा फोटो आणि फोटोत ती दुनाळी. या बोरचा हिशेब मजेशीर आहे. एक पौंड शिशाच्या, नळीत नेमक्या बसतील अशा सारख्या बारा गोळ्या होत असतील, तर ती नळी बारा बोरची. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद.

या हिशेबावरून वाद घालणारा एक नामी शिकारी नागपूरच्याच सरकारच्या चाकरीत होता. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, राजधानी नागपूर ठरली आणि मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांना सातपुड्याच्या पाहणीवर धाडण्यात आलं. पचमढीचा त्यांचा बंगला ‘बायसन लॉज’ त्याच काळातला. १८६३ मध्ये फोर्सिथ यांनी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. गवा किंवा वाघ जवळून मारायचा तर नळी रुंद हवी, गोळी गोल आणि जड हवी, असा त्यांचा आग्रह होता. चौदा बोरची गोळी म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम शिसं! समोर गवा असलेल्या प्रौढ माणसाला हा सल्ला पटण्यासारखा होता. पोरासाठी मात्र तो सपशेल चुकीचा.

आज नागपुरात पोराला शिकारीची रायफल घेऊन देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे. पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला मारायचं तरी आधी वनखात्याची परवानगी लागते. त्यात शस्त्र कायद्यानुसार बंदूक बाळगण्याचं वय २१ पूर्ण. तरीही रायफल हातात धरायची हौस मुलांना असतेच आणि तिला कायदेशीर वाटही आहे. ती नेमबाजीच्या रेंजवर जाते.

या वाटेवर बोर निवडण्याचं काम सरकारनेच केलेलं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हवेच्या बंदुकीची नळी ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा रुंद नसेल आणि तिची ताकद २० जूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. ०.२२ इंचाची, म्हणजे साडेपाच मिलिमीटरची एअरगन या मर्यादेबाहेर जाते. ‘एक मिलिमीटरने काय होतं, थोडी मोठीच द्या’ म्हणणाऱ्या बापाने हे आधी लक्षात घ्यावं. परवान्यातून सूट मिळाली म्हणून पारव्यावर छर्रा झाडायची मुभा मिळत नाही, हेही घरात स्पष्ट सांगायला हवं. वन्य पक्ष्याला जखमी करणं, त्याची अंडी उचलणं हे सगळं कायद्याच्या लेखी शिकारच. अरुणाचलात घरोघरच्या एअरगनमुळे पाखरं इतकी कमी झाली, की मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावापासून सरकारला एअरगन परत करण्याची मोहीमच सुरू करावी लागली.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी पोरासाठी अरुंद नळीच योग्य ठरते. त्यामागे धक्क्याचं गणित आहे. गोळीचं वजन गुणिले वेग, तेवढाच रेटा रायफल मागे खांद्यावर देते. साडेचार मिलिमीटरचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. ०.२२ च्या काडतुसातली गोळी २.६ ग्रॅमची, वेग साधारण ३३०. ईशापूरच्या कारखान्यातल्या ०.३१५ रायफलची गोळी १६ ग्रॅमची आणि वेग ६०० च्या घरात. गुणाकार केला तर ०.२२ चा रेटा छर्ऱ्याच्या दसपट निघतो आणि ०.३१५ चा शंभरपटीहून जास्त. दारूच्या वायूंचा धक्का आणखी वेगळा. खांदा दुखेल, पण तो चार दिवसांत बरा होतो. खरी पंचाईत पुढे आहे. धक्क्याची धास्ती बसलेलं पोर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतं, अंग आक्रसतं आणि नेम जातो. ही खोड एकदा लागली की प्रशिक्षकाची दमछाक होते.

शिकार कायदेशीर असलेल्या अमेरिकेतही पालक याच भीतीपोटी खालच्या बोरकडे वळतात. आधी ०.२२ वर सराव आणि हरणासाठी १९५५ साली आलेली ०.२४३ विंचेस्टर, हा तिथला नेहमीचा सल्ला. जर्मनीत तर वयाच्या पायऱ्याच आखलेल्या आहेत : क्लबमध्ये सर्वसाधारणपणे बाराव्या वर्षापासून हवेची रायफल, चौदाव्यापासून ०.२२ आणि बारापेक्षा लहान मुलांना नुसत्या प्रकाशकिरणाची.

बोर ठरला की दुकानात खरी परीक्षा सुरू होते, कारण बहुतेक पालक नळीकडे बघतात आणि दस्त्याकडे कुणीच बघत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. ते दहा वर्षांच्या मुलाने उभं राहून पेलावं ही अपेक्षाच अघोरी. सुरुवात स्टँडवर टेकवूनच व्हावी. दस्त्याच्या लांबीसाठी जुनी युक्ती अशी : कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं, तर्जनी आरामात चापापर्यंत पोचली तर माप बरोबर. मुलाचा कोणता डोळा जोरकस आहे तेही पाहायचं. उजव्या हाताने जेवणारं पोर डाव्या डोळ्याने नेम धरणारं निघू शकतं. नळी मोडून स्प्रिंग ताणायच्या स्वस्त एअरगनला तर लहान मुलाच्या दंडात बळच पुरत नाही, शिवाय स्प्रिंग सुटताना बंदूक हिसका देते. हवेची टाकी असलेली महाग पडते. म्हणून खरेदीची घाई न करता काही महिने क्लबची रायफल वापरणं शहाणपणाचं.

दुसरी वाट एनसीसीची. तिथे शाळकरी कॅडेटला ०.२२ रायफल हाताळायला मिळते, तीही फुकट. त्या कॅडेटना शिकवणाऱ्या शिक्षकांना एनसीसी अधिकारी म्हणून तयार करणारी अकादमी नागपूरच्या शेजारी कामठीतच आहे. अंजली भागवत यांची नेमबाजी मुंबईच्या कॉलेजात एनसीसीतून सुरू झाली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचली. त्याच प्रकारात ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. या खेळात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं ते ५० मीटरवर, ०.२२ रायफलने. फोर्सिथच्या चौदा बोरच्या एका गोळीत त्याच्या बारा गोळ्या सहज मावल्या असत्या.

पुढच्या लेखांकात : घरात एअरगन आणि छर्रे कुठे, कसे ठेवायचे.