दातांचा हिशेब

दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत ‘अदंतधावन’ हा एक गुण आहे. परंतु त्याच मालिकेत ‘एकभुक्त’ही आहे, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. पेढीवर बसून दिवसभर चहा, सुपारी, मुखवास चालवणाऱ्या गृहस्थाने मुनींच्या त्यागाचा दाखला देऊन दातांची हेळसांड करावी, हे काही खरे नव्हे.

१९४८ च्या दंतवैद्यक अधिनियमात ‘डेंटल हायजीनिस्ट’ हा दंतवैद्याहून निराळा व्यवसाय मानला आहे. दात खरवडून स्वच्छ करणे, त्यांना झिलई देणे आणि निगेचे शिक्षण देणे, एवढेच त्याचे क्षेत्र. रोगाचे निदान किंवा दात काढणे त्यात येत नाही. लहान दवाखान्यांत पुष्कळदा दंतवैद्यच हे काम करतात. ते कोण करणार, हे विचारण्यात संकोच नसावा.

प्रथम प्रश्न विचारले जातात. मधुमेह, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी, गर्भारपण, यांपैकी काहीही लपवू नये. मग बारीक खुणांच्या सळईने हिरडी व दात यांमधील फट मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंतची फट सामान्यतः निरोगी समजली जाते. हिरड्यांचा विकार बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो फसवा. दुखत नाही म्हणून गेलो नाही, आणि गेलो तेव्हा दात हलत होता, ही कथा घरोघरची.

लाळेतील क्षारांमुळे दातांवरचा चिकट थर कठीण होतो. तो मग ब्रशने निघत नाही. लाळग्रंथींची तोंडे जवळ असल्याने खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस तो अधिक साचतो. कंप पावणारे टोक आणि पाण्याचा फवारा यांनी तो सुटतो. थोडे रक्त येते, दोन-चार दिवस थंड पाणी झोंबते. साफसफाईने दात सैल होतात, हा समज मात्र निराधार आहे. थर निघाल्यावर मूळची फट उघडी पडते, इतकेच.

क्ष-किरण चित्र लागलेच, तर ट्रॉम्बेकरांना एक गोष्ट घरची वाटेल. देशातील दंत क्ष-किरण यंत्रांवर देखरेख ठेवणारे, १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ आपल्या अणुशक्तीनगरातच आहे. यंत्र मंडळाकडे नोंदलेले आहे ना, हे अवश्य विचारावे.

आता आपल्या घरांतील खरी अडचण. दुकान वाढवून रात्री आठची वेळ घ्यावी, तर चौविहाराचे काय? फवाऱ्याचे पाणी शोषून घेतात, तरी एखादा थेंब घशात जातोच. म्हणून सकाळची, नवकारसीनंतरची वेळ मागावी. उपवासाच्या दिवशी तर जाऊच नये. पारणे होऊन दोन-चार दिवस लोटू द्यावेत. वर्षीतप करणाऱ्यांनी बियासण्याचा दिवस निवडावा. काही यंत्रांना पाण्याची स्वतंत्र बाटली असते. तीत उकळून गार केलेले पाणी भरता येईल का, हे फोनवरच ठरवावे. चूळ भरण्याच्या अनेक औषधांत मद्यार्क असतो, आणि दंतलेपातील ग्लिसरीन वनस्पतिजन्य असते तसेच प्राणिजन्यही असू शकते. दोन्हींविषयी खुर्चीवर बसण्यापूर्वीच स्पष्ट विचारावे. तोंड उघडे ठेवून प्रश्न विचारता येत नाहीत!