संगणकाची खतावणी : सूत्रे आणि मर्यादा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना रोजकीर्द आणि खतावणी काही नवीन नाहीत. एक रक्कम चुकली की खालच्या साऱ्या बेरजा खोडून पुन्हा मांडाव्या लागत, हा हिशेबनिसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकनांनी १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' बाजारात आणले आणि ही पुनर्लेखनाची मेहनत संपली. आजचे 'एक्सेल' हे त्याच कुळातले.

यातील मूळ कल्पना साधी आहे. कोष्टकातील प्रत्येक घराला पत्ता असतो. बरोबरचे चिन्ह लिहून सुरू केलेल्या सूत्रात आपण आकडे न लिहिता घरांचे पत्ते लिहितो. त्यामुळे घरातला आकडा बदलला की उत्तरही आपोआप बदलते.

याचा उपयोग किती, हे एका व्यवहारावरून पाहू. समजा, ६०,००० रुपयांचे कर्ज एका वर्षासाठी '१२ टक्के फ्लॅट' दराने मिळते आहे. व्याज ७,२०० रुपये, म्हणून मासिक हप्ता ५,६०० रुपये. ऐकायला स्वस्त वाटते. परंतु दरमहा ५,००० रुपये मुद्दल फिटत जाते. शेवटच्या महिन्यात तेवढेच देणे उरते, तरी व्याज मात्र पूर्ण ६०,००० वर चालू राहते.

येथे 'पीएमटी' हे फलन कामी येते. त्याला मासिक दर (१ टक्का), हप्त्यांची संख्या (१२) व मुद्दल सांगितले, की घटत्या शिलकेवरचा हप्ता मिळतो : सुमारे ५,३३१ रुपये. उत्तर ऋण चिन्हासह येते, कारण ही रक्कम आपल्या खिशातून जाणार असते. वर्षाचे व्याज सुमारे ३,९७१ रुपये, म्हणजे फ्लॅटपेक्षा ३,२०० रुपयांहून अधिक कमी. उलट बाजूने 'रेट' या फलनाला १२ हप्ते, ऋण ५,६०० आणि ६०,००० हे आकडे दिले व उत्तराला १२ ने गुणले, तर त्या '१२ टक्क्यां'चा खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. सही करण्यापूर्वी दोन मिनिटे खर्च करण्याजोगे हे गणित आहे.

आता मर्यादांकडे वळू. पहिली, दिसणारा आकडा आणि साठवलेला आकडा एकच असेल असे नाही. १०० रुपये तिघांत वाटले तर प्रत्येकापुढे ३३.३३ दिसतात आणि बेरीज १००.०० दिसते, कागदावर मात्र ती ९९.९९ होते. पैशांच्या हिशेबात 'राउंड' वापरावे ते यासाठी. दुसरी, एक्सेल १५ अंकांपलीकडचे अंक जपत नाही. सोळा अंकी कार्ड क्रमांक संख्या म्हणून लिहिल्यास शेवटचा अंक शून्य होतो. असे क्रमांक अक्षररूपात लिहावेत. तिसरी, दुसरीकडून उतरवलेले आकडे कधीकधी अक्षररूपात येतात. अशी घरे 'सम' बेरजेत धरत नाही, आणि तसे सांगतही नाही. घराच्या डाव्या कडेला चिकटलेला आकडा दिसला की संशय घ्यावा.

चौथी मर्यादा जागेची. जुन्या पद्धतीच्या पत्रकात ६५,५३६ ओळी मावत. २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ मावतात. इंग्लंडमध्ये २०२० साली करोना चाचण्यांची माहिती जुन्या स्वरूपाच्या पत्रकांतून पुढे पाठवली जात होती. ओळी संपल्या, आणि १५,८४१ रुग्णांची नोंद दैनिक आकड्यांतून गळाली. त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही त्यामुळे लांबला.

तात्पर्य, यंत्र बेरजेत सहसा चुकत नाही. काय बेरजेत धरले, हे पाहणे आपल्याकडेच राहते. म्हणून उत्तर येण्याआधी तोंडी अंदाज बांधावा, आणि ते आल्यावर दोन-तीन ओळी हाताने पडताळून पाहाव्यात. शाळेत घोकलेले पाढे त्यासाठी अजूनही पुरेसे आहेत.