विच्छा म्हणजे विंचू नव्हे!

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो. अस्मादिक कॉन्व्हेंटवाले. दहावीपर्यंत मराठी म्हणजे एक पेपर, तोही गाइड वाचून काढायचा. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादकांना धरावे!

तर झालं असं, सेकंड इयरला शेजारच्या रूममधल्या एका सिनिअरने मला आर्लो गथ्री या अमेरिकन गायकाचं 'ॲलिसेस रेस्टॉरंट' ऐकवलं. १९६७ सालची रेकॉर्ड, गाणं अठरा मिनिटांच्या वर. गाणं कसलं, गिटार वाजवत सांगितलेली गोष्टच ती. १९६५ साली सणासुदीच्या दिवशी हा पोरगा भलत्या जागी कचरा टाकतो आणि पोलीस त्याला पकडतात. पुढे व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यभरतीला बोलावणं येतं, तर तिथे ह्या कचऱ्याचीच चौकशी! लढाईवर पाठवायच्या आधी पोरगा सुधारलाय की नाही, ह्याची सरकारला काळजी. मी हसून हसून लोळलो. मग आठवडाभर मेसमध्ये माझं एकच पालुपद, "साठच्या दशकात तिकडची पोरं काय भारी होती यार! सरकारची टोपी उडवायची, तीही हसत हसत. आपल्याकडे आहे का असं काही?"

हे "आपल्याकडे आहे का" दिवाळीच्या सुट्टीत माझ्याच डोक्यात येऊन आदळलं.

माझं आजोळ दिघाशी, भिवंडी तालुक्यात. माळा साफ करताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी सापडल्या. एकीवर निळ्या पेनाने फक्त 'विच्छा' लिहिलेलं. मला वाटलं, विंचू लिहायचं असेल, अनुस्वार चुकला. आजोबा खो खो हसले. "अरे विच्छा म्हणजे इच्छा! दादा कोंडक्यांचा वग आहे तो. लाव."

लाव म्हणणं सोपं आहे. टेपरेकॉर्डरचं हेड काळं पडलेलं, ते स्पिरिट लावून कापसाने पुसलं. कॅसेटमधला फेल्टचा छोटा पॅड गळून पडला होता. तो नसला की टेप हेडला नीट चिकटत नाही आणि आवाज पाण्यातून आल्यासारखा येतो. भजनाच्या एका कॅसेटचा पॅड काढून ह्याला बसवला (आजीला सांगू नका). पेन्सिलीने रीळ ताणून घेतलं. इलेक्ट्रॉनिक्स घेतल्याचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग. खरखरीतून आधी ढोलकी आली, मग टाळ्या, मग हवालदार.

मला दादा कोंडके माहीत होते ते फक्त डबल मीनिंगचे जोक म्हणून. मी जन्मायच्या आधीच, १९९८ साली ते गेले. आजोबांसमोर बसून ते ऐकायचं म्हणजे मला घाम फुटला होता. पण आजोबाच माझ्याआधी हसत होते. मला निम्मं कळत नव्हतं आणि ते थांबवून थांबवून समजावत होते.

त्यातून जे कळलं ते असं. 'विच्छा माझी पुरी करा' हे वसंत सबनीस यांचं लोकनाट्य १९६५ साली रंगमंचावर आलं. (हो, गथ्रीचा कचराही त्याच सालचा!) सांगाडा तमाशाचा. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण, तिच्यात गवळणी, मावशी आणि कृष्णाची मंडळी. मग बतावणी, आणि शेवटी वग म्हणजे मुख्य गोष्ट. गोष्ट छोटीशीच आहे. कोतवालाची जागा हवालदाराला मिळायला हवी, पण प्रधान ती आपल्या माणसाच्या घशात घालतो. मग हवालदार आणि मैनावती मिळून नव्या कोतवालाला खेळवतात. मैनावतीची 'विच्छा' काय, तर चक्क राजाचा छपरी पलंग! प्रेमात आंधळा झालेला कोतवाल राजाच्या घरी चोरी करतो आणि अडकतो. राजा, प्रधान, वशिला, बढती. सगळं राजवाड्यातलं, पण प्रेक्षकाला बरोबर कळायचं की बोट मंत्रालयाकडे आहे.

लोकनाट्यातून पुढाऱ्यांची फिरकी घेणं नवीन नव्हतं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. लं.नी 'पुढारी पाहिजे' लिहिलं होतं, शाहीर साबळ्यांचं 'यमराज्यात एक रात्र' होतं. दादाही सेवा दलातूनच आलेले. पण 'विच्छा'चे हजारावर प्रयोग झाले. ते बघूनच आशा भोसल्यांनी दादांचं नाव भालजी पेंढारकरांना सुचवलं आणि 'तांबडी माती' (१९६९) हा दादांचा पहिला सिनेमा आला.

माझ्या मते सगळा खजिना आहे तो बतावणीत. बतावणी म्हणजे दोघा-तिघांची गप्पांची जुगलबंदी. तिला पक्की संहिता नसते, त्या दिवशीची बातमी, त्या गावची भानगड तिच्यात घुसते. दादा तर ह्यात उस्ताद. काँग्रेस सरकार आणि इंदिरा गांधीसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटल्या नाहीत. चावट बोलणं हे पांघरूण. माणसं चावटपणाला हसतायत असं वाटेपर्यंत खालून हवालदार सरकारला चिमटा काढून मोकळा! मी इतकी वर्षं फक्त पांघरूणच बघत होतो.

आणि इथेच माझ्या कॅसेटची गोची आहे. ऐन बतावणीत टेप चुरगळली होती. आवाज बसका झाला, मग गायब. मी बटण बंद करायला उठलो, तर आजोबा डोळे मिटून पुढचं बोलायला लागले! गिरणीत कामाला असताना त्यांनी हा प्रयोग तीनदा बघितलेला. मग टेप पुन्हा शुद्धीवर आली, तर तिच्यात भलतंच चाललेलं. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही चुकलात." ते म्हणाले, "मी नाय चुकलो. ती दुसऱ्या रात्रीची बतावणी आहे. मी सांगतोय ती रेशनच्या रांगेची. त्या रात्री निम्मं थेटर रांगेतूनच आलं होतं."

ती रेशनच्या रांगेची बतावणी माझ्या माहितीत कुठेच टेप झालेली नाही. आजोबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कॅसेट मी लॅपटॉपवर उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी मोबाइल समोर ठेवून त्यांना म्हटलं, "आता सांगा." तर गडी गप्प! म्हणाले, "समोर हसणारं कोण नाय, सांगू कुणाला?" शेवटी शेजारच्या चौघांना चहाला बोलावलं, तेव्हा कुठे अकरा मिनिटं मिळाली. त्यात मागे कुकरच्या तीन शिट्या आहेत.

आता मुद्द्याचं. यंदाच्या गॅदरिंगला आम्ही हॉस्टेलवाले एक छोटा वग बसवतोय. राजा, प्रधान, आणि मेसच्या कॉन्ट्रॅक्टवर डोळा असलेला कोतवाल. (पात्रे काल्पनिक!) नियमाप्रमाणे स्क्रिप्ट पंधरा दिवस आधी दाखवून सही घ्यायची आहे. आम्ही ती दिलीय. गण लिहिलाय, गवळण लिहिलीय, वगही पूर्ण लिहिलाय. पान क्रमांक चारवर फक्त 'बतावणी, वेळ दहा मिनिटे' असं लिहून खाली पान कोरं ठेवलंय. सरांनी ते पान दोनदा उलटून बघितलं आणि विचारलं, "झेरॉक्सवाला विसरला का?"

सही अजून व्हायची आहे.