पीसीबी : एका टिकाऊ तेलाचा मागोवा

पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजेच पीसीबी, या संयुगांचे व्यापारी उत्पादन १९२९ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या ॲनिस्टन येथे सुरू झाले आणि १९३५ मध्ये तो व्यवसाय मोन्सँटो कंपनीकडे गेला. बेंझिनची दोन वलये जोडून बनलेल्या बायफेनिलवरील दहा जागांपैकी कमी-अधिक जागी हायड्रोजनऐवजी क्लोरिन बसला की २०९ निरनिराळे रेणू संभवतात. बाजारात मात्र त्यांची मिश्रणेच येत. ‘अॅरोक्लोर १२५४’ या नावातील १२ हा कार्बन अणूंचा आणि ५४ हा क्लोरिनच्या वजनी टक्केवारीचा आकडा. मिश्रणात नेमके कोणते रेणू आहेत, हे त्यावरून कळत नसे, आणि पुढचा बराचसा घोळ याच मोघमपणातून झाला.

हे तेल सहजासहजी पेटत नाही, आम्ल-अल्कलींना दाद देत नाही आणि वीज वाहू देत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये ते भरले गेले, पुढे रंगांत आणि कॉपी कागदातही शिरले.

१९६६ मध्ये स्वीडनच्या सोरेन येन्सेन यांनी जो शोध जाहीर केला, त्याची सुरुवात डीडीटीच्या तपासातून झाली होती. गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे मिश्रणातील घटक वायुप्रवाहात वेगळे करून त्यांचा आलेख काढण्याच्या पद्धतीत, काही अनोळखी शिखरे वारंवार उमटत. डीडीटीचा वापर रूढ होण्यापूर्वीच्या, १९४४ सालच्या समुद्रगरुडाच्या पिसांतही ती सापडली, तेव्हा ती डीडीटीची नव्हेत हे उघड झाले. ती पीसीबीची होती. त्यांचा मेळ कारखान्यातील मिश्रणाशी तंतोतंत बसेना, कारण ज्या रेणूंत शेजारशेजारचे कार्बन क्लोरिनविना मोकळे असतात त्यांवर शरीरातील विकरे हल्ला करू शकतात, तर क्लोरिनने भरलेले रेणू चरबीत साठून राहतात. प्राण्याच्या अंगात उरते ते अशा रीतीने निवडले गेलेले, अधिक चिवट मिश्रण असते.

१९६८ मध्ये पश्चिम जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलात उष्णतावाहक म्हणून वापरलेले पीसीबी गळून मिसळले आणि ‘युशो’ नावाची विषबाधा पसरली. तापवण्याने त्या तेलातील काही भागाचे फ्युरान या अधिक विषारी संयुगांत रूपांतर झाले होते. त्यामुळे दोष एकट्या पीसीबीच्या माथी मारणे अपुरे ठरते.

२००१ च्या स्टॉकहोम कराराने यंत्रांतील वापर थांबवण्यासाठी २०२५ आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी २०२८ ही वर्षे ठरवली. भारताने त्यास २००६ मध्ये मान्यता दिली. पीसीबी अपुऱ्या तापमानाला जाळल्यास फ्युरानच तयार होत असल्याने, जुना ट्रान्सफॉर्मर भंगारात काढण्यापूर्वी त्यातील तेलाची तपासणी करून घ्यावी.