मरोळ नाका : दोन मेट्रोमार्गांचा संगम आणि एक जुना धर्मग्राम

मुरुम, उमरगा परिसरातील ज्या ख्रिस्ती कुटुंबांची मुले नोकरीनिमित्त मुंबईस असतात, त्यांच्या कानी मरोळ, साकीनाका, सीप्झ ही नावे पडत असतात. मुलांना भेटावयास जाणाऱ्या आईवडिलांना या भागात पोहोचणे पूर्वी मोठे जिकिरीचे होते. आता मरोळ नाका हे दोन मेट्रोमार्गांचे अदलाबदलीचे स्थानक झाल्याने वाट सोपी झाली आहे. त्या वाटेची, आणि तिच्या कडेला असलेल्या आपल्या श्रद्धेच्या एका जुन्या ठेव्याची, माहिती आम्ही येथे देत आहोत.

पहिला मार्ग वर्सोवा ते घाटकोपर हा. तो ८ जून २०१४ रोजी सुरू झाला. त्याची लांबी सुमारे ११.४ किलोमीटर असून त्यावर १२ स्थानके आहेत. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या वर, खांबांवरून तो धावतो. दुसरा मार्ग जमिनीखालचा, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटरचा. त्याचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला, तर दक्षिण मुंबईपर्यंतचा अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये. मरोळ नाक्यास एक गाडी डोक्यावरून जाते आणि दुसरी पायाखालून. वरचा रस्ता अरुंद व वस्ती दाट, त्यामुळे येथे संपूर्ण स्थानकासाठी जमीन उघडी करणे शक्य नव्हते. म्हणून विवरातून खाली उतरून, आडवे खोदत फलाट तयार करण्यात आले.

सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालेला प्रवासी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. त्याच नावाच्या मेट्रो स्थानकातून आरेच्या दिशेची गाडी घ्यावी. त्यानंतरचे एकोणिसावे स्थानक मरोळ नाका. त्याच्या आधीचे विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचे, त्यामुळे परदेशी नोकरीस जाणाऱ्यांनाही हीच गाडी उपयोगी. साकीनाका किंवा घाटकोपरकडे जावयाचे असल्यास मरोळ नाक्यास खालून वर यावे. दोन्ही मार्गांची व्यवस्थापने निरनिराळी आहेत, हे लक्षात ठेवावे. सामान व वयोवृद्ध माणसे बरोबर असतील तर घाई न करता उद्वाहकाचा, म्हणजे लिफ्टचा, उपयोग करणे बरे.

एवढे झाले प्रवासाचे. परंतु मरोळ म्हणजे केवळ नाका नव्हे. ते साष्टीतील एक जुने गावठाण आहे आणि तेथील मूळ ख्रिस्ती रहिवासी ईस्ट इंडियन समाजाचे. हे नाव १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतले गेले. माणसे मात्र येथल्याच मातीची. त्यांची बोली मराठीच्याच कुळातील. मराठवाड्यातून गेलेल्या आपल्या तरुणांना ती प्रथम ऐकताना नवल वाटते आणि थोड्या वेळाने घरचेच कोणी बोलत असल्यासारखे वाटते.

या धर्मग्रामाचा आरंभ मरोळला झाला नाही. पोर्तुगीज अमदानीत, १५७९ मध्ये, येशूसंघीय धर्मगुरूंनी जवळच्या कोंडिविटा गावी संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावे चर्च उभारले. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, पुढे इंग्रज आले, तरी चर्च नांदते राहिले. अखेर १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव ओस पडू लागले. भाविकांनी चर्चमधील पवित्र वस्तू उचलल्या आणि ते मरोळला आले. तेथे संत योहान शुभवर्तमानकार यांच्या नावे नवे चर्च झाले. जुन्याचे छप्पर गेले, भिंती व दर्शनी भाग उरला.

१९७३ मध्ये त्या परिसरात निर्यातीसाठी सीप्झ हे औद्योगिक क्षेत्र स्थापन झाले आणि भग्न चर्च त्याच्या कुंपणाच्या आत गेले. तेथे परवान्याशिवाय प्रवेश नाही. मे महिन्यातील एका रविवारी मात्र भाविकांना आत सोडले जाते आणि उघड्या आकाशाखाली मिस्सा अर्पण केली जाते. आमच्या मते या वास्तूच्या जतनाचा प्रश्न एकट्या मरोळकरांचा नाही. सीप्झमध्ये रोज कामास जाणाऱ्या आपल्या किती तरुणांना या भिंती कसल्या आहेत हे ठाऊक असेल, याविषयी आम्हास शंकाच आहे.

नव्या शहरात गेलेल्या मुलांचा पत्ता पालक घेतात. जवळचे चर्च कोणते, हे सहसा विचारीत नाहीत. मरोळ भागात राहणाऱ्या तरुणांनी तेथील धर्मगुरूंना एकदा भेटून आपले नाव, मूळ धर्मग्राम व राहण्याचे ठिकाण कळवावे. विवाह, बाप्तिस्मा अथवा आजारपणाच्या वेळी कागदपत्रांसाठी होणारी धावपळ त्यामुळे टळते. मराठी मिस्सा कोठे व केव्हा असते याचीही तेथेच चौकशी करता येईल.

जुन्या चर्चच्या त्या रविवारी जावयाचे असेल, तर तारीख मरोळच्या चर्चमध्ये आधी विचारून घ्यावी. मरोळ नाक्याहून आरेच्या दिशेने दुसरेच स्थानक सीप्झ.