पाहुणा, पडवी आणि विजेचा मीटर

मे महिन्यातील एखाद्या संध्याकाळी गुहागर, दापोली किंवा मालवणकडच्या वाडीत मुंबई-पुण्याची मोटार येऊन थांबते. सामान उतरते, मुले विहिरीकडे धावतात, यजमानीण पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे करते. चहा झाल्यावर पाहुणा काहीशा संकोचाने विचारतो, "काका, गाडी चार्जिंगला लावायला पंधरा अँपिअरचा पॉइंट कुठे आहे का हो?" दहा-बारा वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणाच्या तोंडी आला नसता. आज विजेवर चालणाऱ्या मोटारींची संख्या वाढत असल्याने कोकणातील घरगुती निवासांना तो वरचेवर ऐकावा लागतो. घरात तसा पॉइंट बहुधा एकच असतो, आणि तो स्वयंपाकघरात किंवा विहिरीच्या पंपापाशी असतो. परंतु दारी आलेल्या पाहुण्याला 'नाही' म्हणणे यजमानाच्या स्वभावात नसते. मग खिडकीच्या गजांतून एक्स्टेंशनची वायर बाहेर निघते, पडवीतून अंगणात जाते आणि मोटार रात्रभर वीज घेत राहते. सकाळी पाहुणा तृप्त मनाने निघून जातो. रात्रभरात बोर्डाचे प्लॅस्टिक मऊ झाले, एका बाजूने काळवंडले, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सौजन्यापोटी घडणारी ही गोष्ट धोक्याची आहे, आणि ती केवळ यजमानाच्या अज्ञानामुळे घडते असेही नाही. पाहुण्याच्या मोटारीला वीज कशी द्यावी, किती पैशाने द्यावी आणि त्यासाठी कोणाची संमती घ्यावी, यांविषयी घरगुती निवास चालविणाऱ्या सामान्य माणसाला नीट मार्ग दाखविणारी व्यवस्थाच अद्याप उभी राहिलेली नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतरच्या काळात निवास-न्याहरीच्या योजनेने किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांना घर न सोडता चार पैसे मिळविण्याचा मार्ग दाखविला. हा मार्ग पुढेही खुला राहायचा असेल, तर चार्जिंगच्या प्रश्नाकडे 'श्रीमंतांच्या गाडीची चैन' म्हणून पाहून चालणार नाही.

गीझर आणि मोटार यांतील अंतर

पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर गीझर चालतो, मग मोटार का चालू नये, असा प्रश्न साहजिकच केला जातो. गीझर साधारण दोन किलोवॉट वीज घेतो, पण ती पंधरा-वीस मिनिटे. मोटारीचा साधा चार्जर तीन किलोवॉटच्या आसपास वीज घेतो आणि ती सलग नऊ-दहा तास. लहान मोटारीच्या बॅटरीत ३० ते ४० युनिट वीज मावते हे लक्षात घेतले, म्हणजे या दहा तासांचा हिशेब सहज उलगडतो. थोड्या वेळासाठी पेलणारा भार रात्रभर वाहावा लागला, की सैल झालेला स्क्रू, गंजलेला सॉकेट आणि बारीक वायर यांची परीक्षा होते. खाऱ्या वाऱ्यात पितळी पट्ट्या लवकर काळ्या पडतात, आणि जुन्या कौलारू घरातील वायरिंग दिवे-पंख्यांपुरतेच केलेले असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनी या बाबतीत स्पष्ट दंडक घातले आहेत. चार्जिंगसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र जोडणी हवी, गळतीचा प्रवाह होताच वीज तोडणारा खटका हवा, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवा आणि जोडवायरीचा, म्हणजे एक्स्टेंशनचा, वापर मुळीच नको. कोकणातील पडवीत रात्री जे घडते ते नेमके याच्या उलट असते.

यापेक्षा गंभीर प्रश्न अर्थिंगचा आहे. कोकणची जमीन जांभ्याची. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात थांबत नाही, आणि पर्यटकांची गर्दी असते त्या एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत असते. कोरड्या जांभ्यातून वीज जमिनीत सहजासहजी उतरत नाही. कोळसा-मीठ घालून वर्षांपूर्वी केलेला अर्थिंगचा खड्डा पाण्याअभावी निकामी झालेला असतो. मोटारीबरोबर येणारे बहुतेक चार्जर अर्थिंग नीट नसेल तर चालूच होत नाहीत. ही त्या यंत्राची खोड नाही, तो सावधगिरीचा इशारा आहे. परंतु अशा वेळी न्यूट्रलची तार अर्थिंगला जोडून चार्जरला फसविण्याचा 'तोडगा' एखादा हौशी माणूस काढतो. तसे केल्यास काही बिघाड होताच मोटारीच्या पत्र्यातच वीज उतरू शकते, आणि ओल्या अंगणात अनवाणी खेळणारे पोर तिला हात लावू शकते. म्हणून चार्जर बसविण्याचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, अर्थिंगचे मोजमाप उन्हाळ्यात घ्यावे आणि खड्ड्यात पाणी घालण्याचा नेम पाळावा, हे यजमानाने आपल्या घराचे कर्तव्य मानले पाहिजे.

मीटरवरचे नाव

समजा, यजमानाने सर्व काही रीतसर करावयाचे ठरविले. मग पहिली अडचण मीटरपाशी उभी राहते. घराचा मंजूर भार एक-दोन किलोवॉटचा असतो. तीन किलोवॉटच्या साध्या चार्जरसाठी तो वाढवून घ्यावा लागतो. भिंतीवर बसविण्याचा सात किलोवॉटचा चार्जर आणि घराचा नेहमीचा भार एकत्र आला, म्हणजे व्यवहारात तीन फेजची जोडणी घेणेच भाग पडते. यासाठीचा अर्ज ग्राहकाने करायचा असतो. आणि ग्राहक कोण, तर बिलावर ज्याचे नाव आहे तो. कोकणात ते नाव पुष्कळदा आजोबांचे असते. आजोबांना जाऊन वीस वर्षे झालेली असतात. घर सामाईक, सातबाऱ्यावर दहा-बारा नावे, एक हिस्सेदार परळला, दुसरा बडोद्याला, तिसऱ्याचा पत्ता कोणालाच धड ठाऊक नाही. गावी राहून घर सांभाळणारा, पाहुण्यांची उठबस करणारा एकजण. बाकीचे गणपतीला येतात आणि कौले शाकारण्याच्या खर्चाचा विषय निघाला की परतीच्या गाडीची वेळ पाहतात. अशा घरात मीटर नावावर करून घेणे म्हणजे झोपलेल्या भाऊबंदकीला जागे करणे होय, अशी धास्ती घर सांभाळणाऱ्याला वाटते. संमतिपत्रांच्या फेऱ्यांत पडण्यापेक्षा खिडकीतून वायर काढणे त्याला सोपे वाटले, तर दोष एकट्याचा कसा म्हणता येईल?

दुसरी अडचण दराची. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये असा खुलासा केला, की वाहन चार्ज करून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. म्हणून २००३ च्या वीज कायद्याखाली त्यासाठी परवाना लागत नाही. हा खुलासा महत्त्वाचा होता. त्यामुळे पाहुण्याकडून चार्जिंगचे पैसे घेणे हा काही गुन्हा ठरत नाही. तथापि महाराष्ट्रातील वीज नियामक आयोगाच्या दरादेशांत चार्जिंग केंद्रांचा वर्ग वेगळा आहे, आणि ग्राहक आपल्या जागेत स्वतःचे वाहन चार्ज करीत असेल तर त्या जागेचा जो दर असेल तोच लागू होतो. पाहुण्याची मोटार यांपैकी कोठे बसते? ती यजमानाची स्वतःची नाही, आणि त्याची पडवी हे हमरस्त्यावरचे केंद्रही नाही. नियमांच्या या दोन खणांमधील फटीत घरगुती निवास अडकले आहे.

आणि बिलाचे गणित तर फारच निर्दय आहे. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. एरवी महिन्याला ९० युनिटांत भागणाऱ्या घरात मे महिन्यात आठ पाहुण्यांनी ३०-३० युनिट वीज घेतली, तर २४० युनिटांची भर पडते. एकूण खप ३३० वर जातो आणि वाढलेले बहुतेक युनिट वरच्या टप्प्यांच्या चढ्या दराने आकारले जातात. पाहुणा मात्र 'शे-दीडशे रुपये घ्या' म्हणून मोकळा होतो, आणि यजमान 'राहू द्या हो' म्हणतो. एका खोलीच्या भाड्यातील नफ्याचा मोठा वाटा अशा रीतीने नकळत मोटारीच्या बॅटरीत जातो. यासाठी चार्जरच्या जोडणीवर एक लहानसा उपमीटर बसविणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आकडा दोघांसमोर असला म्हणजे यजमानाला मागण्याचा संकोच राहत नाही आणि पाहुण्याला देताना शंका राहत नाही. जेवणाच्या ताटाचा दर आधी सांगितल्याने आदरातिथ्याला बाधा येत नाही. युनिटाचा दर आधी सांगितल्यानेही ती येणार नाही.

गावाने का सोसावे?

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. ज्या वाडीत उन्हाळ्यात संध्याकाळी पंखा धड फिरत नाही, त्या वाडीची वीज शहरातील मोटारवाल्याने का न्यावी? कोयनेचे पाणी १९६२ पासून पोफळीच्या वीजगृहात वीज निर्माण करीत आले आणि ती वीज सह्याद्री ओलांडून दूरदूरच्या कारखान्यांना व शहरांना गेली. कोकणच्या माणसाच्या मनात ही सल जुनीच आहे. शिवाय निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर विजेचे खांब मुळासकट उपटले, तेव्हा कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. तेथे आता चार्जरचा भार कसा पेलणार?

आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तरही आकड्यांतच आहे. वाडीचे रोहित्र ६३ केव्हीएचे धरले आणि पाच घरांनी सात-सात किलोवॉटचे चार्जर संध्याकाळी एकदम सुरू केले, तर ३५ किलोवॉट, म्हणजे रोहित्राची निम्म्याहून अधिक क्षमता, तेवढ्यानेच खर्ची पडेल आणि वाडीचे दिवे मंदावतील. त्याच पाच घरांनी तीन किलोवॉटचे साधे चार्जर रात्री अकरानंतर लावले, तर भार पंधरा किलोवॉटचा होईल, आणि तोही पंप बंद असताना. मुक्कामी आलेल्या मोटारीला घाई नसते. ती रात्रभर उभीच असते. तेव्हा घरगुती निवासाला मोठ्या चार्जरची हौस परवडणारी नाही आणि तिची गरजही नाही. लहान चार्जर, चांगली वायर, पक्के अर्थिंग आणि रात्री उशिराची वेळ एवढ्यावर काम भागते. छपरावर सौर पॅनेल बसविणाऱ्या घराला तर आणखी दिलासा मिळू शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि असा संच चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. पावसाळ्यात ती घटते. परंतु त्या दिवसांत पाहुणेही घटतात.

हमरस्त्यावर जलद चार्जिंगची केंद्रे होत असताना घरोघरी हा खटाटोप कशाला, असेही म्हटले जाईल. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला केंद्र असावे असे उद्दिष्ट आहे, आणि केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक केंद्रांसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेले आहेत. हे स्वागतार्हच आहे. परंतु चिपळूणला महामार्ग सोडला की गुहागर सुमारे ४५ किलोमीटर दूर राहते, आणि परतीचा चढ वेगळाच. चार्जिंगची खात्री नसलेला प्रवासी कोठे उतरेल? ज्याच्या आवारात तशी सोय आहे त्या मोठ्या रिसॉर्टमध्ये. भांडवलदाराला तीन फेजची जोडणी, स्वतंत्र रोहित्र आणि कागदपत्रे सांभाळणारा माणूस सहज परवडतो. आजोबांच्या नावाच्या मीटरवर चार खोल्या चालविणाऱ्याला परवडत नाही. पाहुणा हळूहळू वाडीकडून रिसॉर्टकडे वळला, तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत घराघरांत पोहोचलेले पर्यटन पुन्हा थोड्या हातांत जाईल.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. निवास-न्याहरी योजनेत नोंद असलेल्या घरांतील पाहुण्यांच्या वाहनांना कोणता दर लागू होईल, हे नियामक आयोगाने निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. प्रत्यक्ष घरात राहणाऱ्या हिस्सेदाराला इतरांच्या मालकी हक्काला बाध न येता भार वाढवून घेता येईल, अशी सुटसुटीत पद्धत महावितरणने घालून द्यावी. बिल भरणारा म्हणून नोंद झाल्याने कोणी जमिनीचा मालक होत नाही, हेही त्यासोबत गावकऱ्यांना समजावून सांगावे. पर्यटन खात्याने नोंदणीच्या वेळी स्वच्छतागृह पाहावे तसे अर्थिंगही पाहावे. आणि तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांतील विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात गावोगाव अर्थिंगचे मोजमाप करण्याचे काम दिले, तर त्यांचे शिक्षण आणि गावाची सुरक्षितता ही दोन्ही कामे एकदम साधतील.

पाहुण्यांचेही काही कर्तव्य आहेच. खोली ठरवितानाच मोटारीची गरज सांगावी, ठरलेल्या युनिटांचे पैसे न मागता द्यावेत, आणि यजमानाने 'येथे अर्थिंग बरोबर नाही' असे सांगितले तर त्याला गळ घालू नये. सुट्टीत मूळ गावी किंवा कोकणात जाणारे शिक्षक आणि नोकरदार आज विजेची मोटार बाळगत नसतील. परंतु त्यांच्यापैकी अनेकांच्या गावच्या घराचा मीटर आजही आजोबांच्या नावावर आहे. येत्या गणपतीत सारे हिस्सेदार एका छपराखाली येतील, तेव्हा आरतीनंतरच्या निवांत वेळात तो विषय एकदा काढावा. खिडकीतून बाहेर लोंबणारी वायर आत घेण्याचे काम तेथूनच सुरू होईल.